देवराई आमच्या गावापर्यंत आली नाही

परवा ऑफिसखालच्या टपरीवर एक वाद झाला. शुक्रवार संध्याकाळ, रिलीज पुढच्या आठवड्यावर ढकललेलं, त्यामुळे सगळी टीम एकदम मोकळी. कटिंग चहा आणि क्रीम रोल. सिनेमांचा विषय निघाला आणि कुणीतरी सुमित्रा भाव्यांचं नाव काढलं. आमचा एक मित्र (अस्सल पुणेकर, फिल्म क्लबचा मेंबर, कोरियन सिनेमावर तासभर बोलू शकतो) म्हणाला, "चांगल्या असायच्या रे त्यांच्या फिल्म्स, पण सगळं कसं संस्थेच्या माहितीपत्रकासारखं. एक सिनेमा, एक आजार. स्किझोफ्रेनिया झाला, कोड झालं, अल्झायमर झाला, डिप्रेशन झालं. जगल्या असत्या तर बीपी-शुगरपण घेतलं असतं!"

सगळे हसले. मीही हसलो. जोक चांगला होता हो, हसू येणारच.

पण मग शनिवारी सकाळी जाग आली ती त्याच वाक्यासकट. म्हणून हे लिहायला बसलो. मी काही समीक्षक वगैरे नाही. कॅमेऱ्याच्या अँगलमधलं मला शष्प कळत नाही. मी परभणी जिल्ह्यातून पुण्यात आलेला एक इंजिनिअर, दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधतो. पण या बाबतीत मला बोलायचा थोडा हक्क आहे असं वाटतं. तो का, ते पुढे येईल.

आधी या बाईंबद्दल थोडं. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

सुमित्रा भावे जन्माने पुण्याच्या, १९४३ च्या. फर्ग्युसन कॉलेज, मग मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, मग पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणं. म्हणजे पेशाने समाजशास्त्राच्या संशोधक. 'स्त्रीवाणी' नावाच्या प्रकल्पात त्या दलित, वस्तीतल्या बायकांशी बोलत होत्या, त्यांच्या आयुष्याचं म्हणणं गोळा करत होत्या. आणि तिथे त्यांना एक साधी गोष्ट खटकली. ज्यांच्याबद्दल हा सगळा अभ्यास, त्या बायकांना तो वाचता येणार नाही. रिपोर्ट तयार होणार, इंग्रजीत छापला जाणार, कपाटात जाणार. ज्या बाईने दोन तास बसून सगळं सांगितलं, तिच्या हातात काय? तर काही नाही.

म्हणून त्यांनी सिनेमा करायचं ठरवलं. वय चाळीशीच्या पुढे. सिनेमाचं शिक्षण शून्य. पहिला लघुपट 'बाई', १९८५. त्याला थेट राष्ट्रीय पुरस्कार. मग 'पाणी'. मग पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर बरोबर आले आणि ही जोडी तीसेक वर्षं टिकली. १९९५ चा 'दोघी', मग 'वास्तुपुरुष', 'दहावी फ', 'देवराई', 'नितळ', 'एक कप च्या', 'संहिता', 'अस्तु', 'कासव'. शिवाय पन्नासच्या वर लघुपट-माहितीपट. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि त्यांनी एकटीने दिग्दर्शित केलेला 'दिठी' त्यानंतर महिनाभराने, मे २०२१ मध्ये, ओटीटीवर आला. द. बा. मोकाशींच्या कथेवरचा. बघितला नसेल तर बघा.

या सगळ्या प्रवासात स्टुडिओ नाही, स्टार नाही, आयटम साँग तर नाहीच. जिथून जमेल तिथून पैसे उभे करायचे, कमी दिवसांत शूटिंग संपवायचं, आणि पुढच्या सिनेमाला लागायचं. आपल्याकडे स्वतंत्र सिनेमा म्हटलं की फेस्टिवल, दाढी आणि झोळी आठवते. इथे एक सुती साडीतल्या बाई पस्तीस वर्षं न थांबता काम करत राहिल्या. कंपनीत अशा लोकांना आम्ही 'कन्सिस्टंट परफॉर्मर' म्हणतो आणि प्रमोशन दुसऱ्याला देतो.

असो. आता माझ्या हक्काचं.

माझं आजोळ जिंतूर तालुक्यात. काळी जमीन, कापूस, सोयाबीन. बंडूमामा हा आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. बारावी झाला, डी.एड.ला नंबर लागला. घराण्यातला पहिला मास्तर होणार म्हणून आजोबांनी गावात पेढे वाटलेले. २००५ च्या पावसाळ्यात तो सुट्टीला म्हणून घरी आला आणि परत गेलाच नाही.

मी सात वर्षांचा होतो. मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मामा रात्रभर अंगणात येरझारा घालायचा. जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवायचा. एकदा संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या, तर "माझंच नाव घ्यायलेत बघ" म्हणत त्याने रेडिओ उचलला आणि विहिरीत टाकला. आम्ही पोरं हसलो होतो. रेडिओ पाण्यात पडल्यावर कसा आवाज येतो याचं आम्हाला कौतुक.

घरात एकच निदान झालं. बाहेरचं. मळ्यातून येताना लागिर झालं. मग पुढची बारा वर्षं काय काय झालं ते लिहायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल. दोरे, उतारे, अमावास्या, कोंबडे, नवस. एका ठिकाणी तीन महिने साखळीला बांधून ठेवलं होतं. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, तिथे आजही लोक माणसं घेऊन जातात. एका डॉक्टरने 'विकनेस' सांगून सलाईन लावल्या. (सलाईन हा आमच्याकडचा सर्व रोगांवरचा उपाय आहे. ताप आला, सलाईन. परीक्षेत नापास झाला, सलाईन.) मग "लग्न करून द्या, ताळ्यावर येईल" असा सल्ला. मुलगी बघून झाली, सुपारी फुटायची बाकी होती. कुणीतरी तिच्या घरी कानावर घातलं आणि लग्न मोडलं. तेव्हा आजी आठ दिवस त्या माणसाला शिव्या देत होती. आज मी त्या अनोळखी माणसाचे आभार मानतो.

एप्रिल २०१७. मी औरंगाबादला (तेव्हाचं नाव) सेकंड इयरला. बातमी आली की राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'कासव'ची निवड झालीय. सुवर्णकमळ. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि मग 'कासव', म्हणजे तोवरच्या सगळ्या वर्षांत हे मिळालेला पाचवाच मराठी सिनेमा. हॉस्टेलमध्ये चर्चा झाली. ऑक्टोबरमध्ये तो लागला, पण परीक्षा, सबमिशन, खिशात पैसे नाहीत, वगैरे. मला काही थिएटरात गाठता आला नाही. रूममेट म्हणाला, याच लोकांचा जुना एक आहे माझ्याकडे, घे. आणि पेन ड्राइव्ह दिला. त्यात 'देवराई' होता.

रात्री दीड वाजता लावला. अतुल कुलकर्णी शेष नावाच्या माणसाचं काम करतोय. कोकणातलं घर, मागे देवराई, आणि त्या देवराईत तो हरवत चाललाय. त्याला आवाज ऐकू येतात. त्याला वाटतं सगळे आपल्याबद्दल बोलतायत. मी लॅपटॉप पॉज केला. बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. परत येऊन लावला. त्या सिनेमात एक डॉक्टर असतो, तो शांतपणे त्या गोष्टीला नाव देतो, औषध देतो. एवढंच. बारा वर्षांत आमच्या घरात जे कुणी केलं नव्हतं ते.

आता एक मजा बघा. 'देवराई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कशासाठी, तर पर्यावरण संवर्धनावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. खरंच. परीक्षकांना झाडं दिसली. चूक नाही त्यांची, झाडं आहेतच सिनेमात, सुंदर आहेत. पण मला आजही ते आठवलं की हसावं की काय करावं कळत नाही.

त्या दिवाळीला मी पेन ड्राइव्ह घेऊन आजोळी गेलो. टीव्हीला लावला. आई, आजी, मावशी, थोरला मामा बसले. बंडूमामा दारात उभा राहून थोडा वेळ बघत होता, मग शेळ्यांकडे निघून गेला. अर्ध्या सिनेमात आजी म्हणाली, "ह्ये तर आपल्या बंड्यावानीच करायलंय की गं." कुणी काही बोललं नाही. सिनेमा संपला. मला वाटलं आई आता आजाराबद्दल विचारेल, डॉक्टर कुठे असतो विचारेल. आईने वेगळंच विचारलं.

"ती बहीण त्याला स्वतःच्या घरी घेऊन गेली?"

सिनेमात सीना, म्हणजे सोनाली कुलकर्णी, शेषला शहरात आपल्या घरी आणते. नवरा, मुलं, सगळ्यांची ओढाताण होते, तरी आणते. माझी आई परभणीत, दोन खोल्यांच्या घरात, एकत्र कुटुंबात. तिने बारा वर्षांत एकदाही भावाला आपल्या घरी राहायला आणलं नव्हतं. आणता आलं नव्हतं. "लोक काय म्हणतील" हे तर होतंच, पण त्याहीपेक्षा असं काही करता येतं हेच तिने कधी बघितलं नव्हतं. मी पंधरा मिनिटं स्किझोफ्रेनिया म्हणजे काय यावर लेक्चर देणार होतो, तयारी करून गेलो होतो. ते तसंच राहिलं.

दिवाळी झाल्यावर नांदेडला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. निदान व्हायला एक भेट पुरली. बारा वर्षं आणि एक भेट. मामा आज 'बरा' नाही, असले आजार तसे बरे होत नसतात. गोळ्या रोज लागतात, जीभ थोडी जड झालीय, वजन वाढलंय. पण तो झोपतो. गावातल्या डेअरीचा हिशोब लिहितो, अक्षर अजून मास्तरासारखंच आहे. मी गेलो की विचारतो, "काय भाचेबुवा, पगार वाढला का न्हाई?" (नाही वाढला, मामा.)

आता वर्षं जुळवून बघा. 'देवराई' २००४ चा. मामा आजारी पडला २००५ ला. म्हणजे सिनेमा एक वर्ष आधी तयार होता! बनवून झाला होता, पुण्या-मुंबईत दाखवून झाला होता, वर्तमानपत्रांत परीक्षणं छापून झाली होती. आणि तो जिंतूर तालुक्यात पोचायला तेरा वर्षं लागली. पोचला तो कसा, तर चोरीच्या मार्गाने. कॉपी केलेल्या पेन ड्राइव्हवरून. मला याची लाज वाटते, पण खरं ते खरं. सरळ मार्गाने तो आमच्यापर्यंत कधीच आला नव्हता.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. टेस्टर बग दाखवतो आणि डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." मराठीतल्या चांगल्या सिनेमाचं नेमकं हे झालंय. पुण्याच्या मशीनवर चालतो. फेस्टिवलच्या मशीनवर चालतो. ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या मशीनवर कधी टाकूनच बघितलेला नाही. आणि गंमत म्हणजे, सुमित्रा भाव्यांनी सिनेमा हातात घेतला तो याच कारणासाठी. रिपोर्ट कपाटात जातो म्हणून. मग सिनेमाही दुसऱ्या प्रकारच्या कपाटात गेला.

म्हणून माझं म्हणणं, आणि हे माझं मत आहे, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही: 'एक सिनेमा, एक आजार' हा जो टोमणा आहे ना, तो मारणं ज्यांना त्या आजाराचं नाव आधीच माहीत असतं त्यांनाच परवडतं. माझ्या मित्राच्या घरात कुणाला काही झालं तर कोथरूडमध्ये चार तज्ज्ञ सापडतील. त्याला सिनेमात कला हवी असते, ते बरोबर आहे. आमच्या घराला नाव हवं होतं. आता कला आणि माहिती असे दोन वेगळे डबे करता येतात का, हाही प्रश्नच आहे. माझ्या आईला माहितीपत्रक दिलं असतं तर तिने घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलं असतं. तिला लागली ती बहीण, माहिती नाही. आणि ती बहीण कुणीतरी नीट लिहिली होती, कुणीतरी नीट केली होती, म्हणून लागली.

एकदम भक्त झालोय असं समजू नका :-) 'नितळ' मला अर्धाच आवडतो. त्यातली माणसं फार समंजस बोलतात. घरातली सगळी माणसं एकाच वेळी इतकी समंजस असतात असं घर मला अजून सापडायचंय. आणि एक तक्रार आहेच. कोकणातला वाडा, पुण्यातला फ्लॅट, पुन्हा कोकणातला समुद्र. 'कासव'मधला तो कोलमडलेला पोरगा, आलोक राजवाडे, बघताना मला सारखं वाटत होतं की हाच पोरगा सेलूच्या किंवा गंगाखेडच्या स्टँडवर बसलेला असता तर? तिथे जानकी येणार नसते गाडी घेऊन. 'दोघी'मध्ये दुष्काळातलं गाव आहे, 'एक कप च्या'मध्ये वीजबिलाने हवालदिल झालेला एसटी कंडक्टर आहे (ते भरमसाट बिल बघून आमच्या घरी फार हसले, कारण आमच्याकडे त्याला विनोद म्हणत नाहीत, बुधवार म्हणतात). पण मराठवाड्याची बोली, इथली माणसं त्या सिनेमांत फारशी नाहीत. 'अस्तु'मध्ये मात्र मला ही तक्रार करावीशी वाटली नाही. संस्कृतचे प्रोफेसर सगळं विसरून एका हत्तीमागे चालत जातात आणि माहुताची कानडी बोलणारी बायको, अमृता सुभाष, त्यांना लेकरासारखी सांभाळते. भाषा कळत नाही तरी सांभाळते. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो अगदी योग्य. पण त्याच 'अस्तु'चं बघा: २०१३ चा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखा नट आणि तोही खराखुरा मानसोपचारतज्ज्ञ, आणि थिएटरात लागला २०१६ मध्ये. तीन वर्षं.

यावर आपल्याकडे जी चर्चा होते ती नेहमी दोन गोष्टींभोवती फिरते. अनुदान किती आणि मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळतो की नाही. २०१५ मध्ये त्या प्राइम टाइमवरून केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? बाजूने-विरोधात सगळे बोलले, पॉपकॉर्नबरोबर वडापाव मिळणार इथपर्यंत विनोद झाले. मला तेव्हाही कळत नव्हतं की ज्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच नाही तिथे दुपारचा शो काय आणि संध्याकाळचा काय. सिनेमा बनवायला मदत करणं ठीकच आहे. पण दाखवण्याचं काम कुणाचं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. ते दिग्दर्शकाचं काम असतं असं सगळ्यांनी धरून चाललेलं. म्हणजे कोड मी लिहायचा, सर्व्हर मी उचलून खांद्यावर घेऊन तुमच्या घरी यायचा, आणि लाइट नसेल तर जनरेटरपण मीच.

काही लोकांनी हेही केलं. केरळात जॉन अब्राहम (हिंदीतला नव्हे, बाबांनो) आणि त्याच्या मित्रांनी १९८४ मध्ये 'ओडेसा' नावाचा गट काढला. प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरायचे, लोकांना जगातले चांगले सिनेमे दाखवायचे, आणि लोकांकडूनच वर्गणी गोळा करायचे. त्या पैशातून त्याने १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' बनवला. म्हणजे प्रेक्षक आधी, सिनेमा नंतर. आपल्याकडे आनंद पटवर्धन. त्यांचा मार्ग वेगळा, कोर्टाचा. 'पितृ, पुत्र आणि धर्मयुद्ध' १९९५ चा, तो दूरदर्शनने दाखवावा हा निकाल सुप्रीम कोर्टातून आला २००६ ला. अकरा वर्षं फक्त 'दाखवा' यासाठी. आणि 'जय भीम कॉम्रेड' (चौदा वर्षांच्या शूटिंगचा सिनेमा!) त्यांनी वस्त्या-चाळींमध्ये पडदे लावून दाखवला. पटो न पटो त्यांचं राजकारण, पण सिनेमा संपल्यावर आपलं काम संपलं असं या माणसाने कधी मानलं नाही. हे सगळे पाय दुखेस्तोवर चाललेले लोक आहेत. प्रत्येक दिग्दर्शकाने असं चालावं ही अपेक्षा मला मात्र अन्यायाची वाटते. सुमित्रा भावे फिरत बसल्या असत्या तर पुढचे सहा सिनेमे झाले नसते.

आणि तशी गरजही नाही. परभणीचंच घ्या. २०१५ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत, त्यात परभणी आहे. आशाताई घरोघर जाऊन विचारतात, झोप लागते का, उदास वाटतं का. आता जरा कल्पना करा. परक्या बाईने दारात उभं राहून वहीत बघत "उदास वाटतं का" विचारलं तर आमच्या थोरल्या मामासारखा माणूस काय सांगणार? "आमाला काय धाड भरली?" हेच सांगणार. पण आदल्या रात्री शाळेच्या भिंतीवर 'कासव' दाखवला असेल, तर त्याच प्रश्नाला उत्तर वेगळं येईल असं मला वाटतं. माणसं आहेत, गावोगाव शाळा आहेत, ग्रामपंचायतीत प्रोजेक्टर धूळ खात पडलेत, मदतीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २०२२ पासून चालू आहे, सिनेमा तर कधीचा तयार आहे. फक्त एकमेकांना जोडलेलं नाही कुणी. आणि हो, एका खेळाची परवानगी कुणाकडे मागायची आणि किती पैसे भरायचे, हे एका पानावर लिहिलेलं मिळालं तर माझ्यासारख्याला पेन ड्राइव्ह लपवत फिरावं लागणार नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं (मामाचं सोडून). तो म्हणाला, "अरे पण आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, जिओ आहे. सर्च करून बघू शकतात की." मुद्दा बरोबर वाटतो ना? मलाही वाटायचा. पण सर्च करायला शब्द लागतो. आमच्या घरात २००५ ला इंटरनेट असतं तरी आम्ही काय टाइप केलं असतं? 'लागिर उतरवणे'. आणि त्याचे व्हिडिओ आजही भरपूर निघतात, बघा हवं तर. फोन तुम्हाला तेच दाखवतो जे तुम्ही आधीच मागितलेलं असतं. जे मागायचं माहीतच नाही ते दाखवायला कुणीतरी माणूसच यावा लागतो. पेन ड्राइव्ह घेऊन का होईना. 'दहावी फ' मी शाळेत असताना टीव्हीवर बघितला होता, कुणाचा आहे ते माहीत नसताना. लागला होता म्हणून बघितला. सापडला म्हणून नव्हे.

गेल्या दिवाळीत संगमवाडीहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरून घरी गेलो (तिकीट दोन हजार, दिवाळी स्पेशल लूट, त्यावर पुन्हा कधीतरी). आजोळी गेलो तेव्हा टीव्ही ओसरीवर आणून ठेवला, दार उघडं ठेवलं आणि 'देवराई' लावला. निमंत्रण वगैरे काही नाही. आमच्याकडे टीव्ही ओसरीवर आला की निमंत्रण लागत नाही. सुरुवातीला पंचवीस-तीस जण असतील, निम्मी पोरं. दोनदा लाइट गेली. गाणी-मारामाऱ्या नाहीत म्हटल्यावर पोरं पांगली. काही बाप्ये तंबाखू मळत उठून गेले. एक आजोबा झोपले. शेवटी बारा-चौदा जण उरले असतील, बहुतेक बायका. सिनेमा संपल्यावर कुणीच काही बोललं नाही, सतरंजी झटकली आणि गेल्या. चर्चा वगैरे करायचा माझा बेत होता, दोन-तीन प्रश्न काढून ठेवले होते. ते पुन्हा तसेच राहिले. बंडूमामा या वेळी शेवटपर्यंत बसला होता. म्हणाला, "मोठा आहे पिक्चर. गोळीची टायम झाली." आणि पाणी प्यायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. गल्लीच्या टोकाची एक काकू आली, पदर तोंडावर धरलेला. आईला म्हणाली, साखर पाहिजे वाटीभर. आईने दिली. काकू वाटी घेऊन तशीच उभी. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमी बंडूला नांदेडला न्यायलता, ते सकाळच्या कोणत्या गाडीनं जावं लागतंय?"